शिवलेला ओठ कोणाला कसा दिसतो?

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. माझा मुलगा पुढच्या महिन्यात नऊ वर्षांचा होईल. जन्मतःच त्याचा डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू हे तिन्ही दुभंगलेले होते. ओठाची शस्त्रक्रिया तो चार महिन्यांचा असताना झाली आणि टाळूची त्याला वर्ष पूर्ण झाल्यावर. दोन्ही वेळा सगळे नीट पार पडले. आता नाकापासून ओठापर्यंत एक बारीक, फिकट रेघ उरली आहे, डावी नाकपुडी किंचित बसकी आहे आणि तो हसला की ओठाची डावी बाजू उजवीपेक्षा जराशी मागे राहते. त्या रेघेला तो स्वतः ‘शिवण’ म्हणतो. हा शब्द त्याला कोणी शिकवला हे ठाऊक नाही. बहुधा माझ्या शिलाई मशीनने.

धाग्याचे निमित्त गेल्या गुरुवारचे आहे. सकाळी तपासणीला गेलो होतो. सर्जननी बॅटरी मारून ओठ पाहिला, बोटाच्या चिमटीत धरून त्याची जाडी चाचपली, मुलाला ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणायला लावले आणि समाधानाने म्हणाले, ‘ओठ सुरेख जुळला आहे, आता आपले लक्ष हिरडीकडे.’ दुपारी शाळेच्या एका अर्जासाठी त्याचे फोटो काढले. छायाचित्रकाराने न विचारता संगणकावर रेघ पुसून, ओठ गुळगुळीत करून आठ प्रती हातात दिल्या आणि वर ‘वहिनी, बघा, कळतसुद्धा नाही’ असे कौतुकाने सांगितले. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या की मुळात आता काही दिसतच नाही, तुम्ही उगीच दवाखान्याच्या वाऱ्या करता. त्याच वेळी इचलकरंजीहून आलेल्या नणंदबाईंचे म्हणणे असे की मुलगा मोठा व्हायच्या आत ‘ते’ एकदाचे नीट करून घ्या, नंतर सगळे अवघड होते.

एकच चेहरा आणि एकाच दिवसात चार निवाडे! घरात आता ओठावर पुन्हा एक छोटी शस्त्रक्रिया करून घ्यावी असा आग्रह वाढतो आहे, तर सर्जन म्हणतात की त्याची घाई नाही. यातील कोणाच्या नजरेवर विश्वास ठेवावा, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे. या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास असलेल्यांनी कृपया लिहावे.

दंतपंक्ती | शनिवार, रात्री ११:१५

ताई, मी दंतवैद्य आहे. वेडेवाकडे दात सरळ करणे हा माझा व्यवसाय, आणि अशा मुलांवर उपचार करणाऱ्या पथकांबरोबर मी काही वर्षे काम केले आहे. आपण विचारलेला प्रश्न या क्षेत्रातील माणसेही एकमेकांना सतत विचारत असतात.

आधी सर्जन काय पाहतात ते सांगतो. त्यांच्या डोळ्यांसमोर ‘आधीचा’ चेहरा असतो आणि आपल्या मुलाच्या चेहऱ्याची तुलना ते त्याच्याशी करतात. अमेरिकेचे राल्फ मिलार्ड यांनी १९५०च्या दशकात ओठाचा एक भाग खाली फिरवून दुसरा पुढे सरकवण्याची रीत आणली. तिच्यामुळे व्रण नाकाखालच्या पन्हळीच्या नैसर्गिक कडेवर येतो आणि तिथे तो लपून जातो. आजही जगभर हीच रीत किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या वापरल्या जातात. सर्जनची नजर पहिल्यांदा जाते ती ओठाची त्वचा आणि लाली जिथे मिळतात त्या किनारीवर. ही किनार एका मिलिमीटरने जरी चुकली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ती खटकते. आपल्या सर्जननी चिमटीत जाडी पाहिली आणि ‘ई’, ‘ऊ’ म्हणायला लावले, म्हणजे ते आतला स्नायू गोलाकार जोडला गेला आहे का, हे पाहत होते. बाहेरची रेघ त्यांच्या हिशेबात त्यानंतर येते.

आता मोजमापाकडे येऊ. अ‍ॅशर-मॅकडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक पद्धत मांडली, जी संशोधनात अजूनही वापरात आहे. फोटोतून डोळे, केस, हनुवटी असे सगळे कापून टाकायचे, फक्त नाक आणि वरचा ओठ ठेवायचा आणि चार गोष्टींना १ ते ५ असे गुण द्यायचे: नाकाचा समोरून दिसणारा आकार, नाकाचा कल, ओठाच्या लालीची किनार आणि बाजूने दिसणारी ठेवण. बाकीचा चेहरा कापण्यामागे कारण आहे. गोड डोळ्यांच्या मुलाला परीक्षक नकळत जास्त गुण देऊन बसतात, आणि मग शस्त्रक्रियेचे मोजमाप राहत नाही.

पण नेमकी इथेच मेख आहे. आपल्या सासूबाई, शाळेतील मुले किंवा बसमधील शेजारी कधीही कापलेला फोटो पाहत नाहीत. ते पूर्ण, हलणारा, बोलणारा चेहरा पाहतात. हेच फोटो डॉक्टर, पालक, स्वतः रुग्ण आणि या विषयाशी काहीही संबंध नसलेली माणसे यांना दाखवून त्यांची मते ताडून पाहण्याचे बरेच अभ्यास झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. काहींमध्ये डॉक्टर सामान्य माणसांपेक्षा उदार ठरले, काहींमध्ये अधिक कठोर. आपल्या गुरुवारचे मला म्हणूनच नवल वाटले नाही.

राहिला हिरडीचा मुद्दा. त्याच्या हिरडीत अजून खाच आहे. वरचा सुळा तिथून खाली उतरायच्या आत, म्हणजे साधारण ८ ते ११ या वयात, कमरेच्या हाडातून थोडे हाड घेऊन ती खाच भरतात. त्यामुळे सुळ्याला घर मिळते, हिरडी अखंड होते आणि बसक्या नाकपुडीला खालून आधार मिळतो. घरातील सगळे ओठ पाहत असताना सर्जन हिरडी पाहत आहेत, याचे कारण हे आहे. नाकाच्या कायमच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र वाढ पूर्ण व्हावी लागते. मुलांच्या बाबतीत ते वय साधारण १७-१८ येते, मुलींच्या बाबतीत थोडे अलीकडे.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ७:०५

इतका ऊहापोह कशासाठी, हे समजले नाही. माणसाचे मन सुंदर असावे, चेहऱ्याचे काय घेऊन बसलात? आमच्या गावात असा एक गडी होता, त्याच्या ओठाला कधी टाकाही पडला नाही, तरी त्याचा संसार झाला. आणि हो, ग्रहण पाळले असते तर ही वेळ बहुधा आली नसती, हेही नम्रपणे सांगावेसे वाटते.

दंतपंक्ती | रविवार, सकाळी ८:२०

काका, आपल्या वयाचा मान ठेवून सांगतो. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे बाईला जेमतेम कळलेले असते तेव्हा. त्यानंतरच्या ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली काय, नाही चिरली काय, जुळलेला ओठ पुन्हा उघडत नाही. आणि त्या आठवड्यांत ग्रहण आलेच, तरी विळीची धार गर्भापर्यंत पोहोचत नाही. जगभरात साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. घराण्यातून आलेले गुण, गरोदरपणातील तंबाखू, फिट्सवरची काही औषधे अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात, आणि पुष्कळदा एकही बोट दाखवण्याजोगे सापडत नाही.

हे मी विषय सोडून लिहीत नाही. ‘तू विळी घेतलीस’ हे ऐकलेली आई पुढे वर्षानुवर्षे मुलाच्या ओठाकडे पाहते तेव्हा तिला तिथे स्वतःची चूक दिसत राहते. त्या नजरेला दिसणारी रेघ प्रत्यक्ष रेघेपेक्षा नेहमी मोठी असते.

पापाचीतिकटी | रविवार, दुपारी १:३०

मी ३१ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि माझाही डावा ओठ लहानपणी शिवलेला आहे. ‘चेहऱ्याचे काय घेऊन बसलात’ हे वाक्य मी आजवर फक्त अशांच्या तोंडून ऐकले आहे ज्यांच्या चेहऱ्याबद्दल त्यांना कधी कोणी विचारलेले नाही. त्या गड्याचा संसार झाला हे उत्तम. तो झाला कसा आणि त्याने काय काय ऐकून घेतले, हे त्यालाच विचारले असते तर बरे झाले असते.

रंकाळाकाठताई, आपल्या चार निवाड्यांत मी पाचवा घालते, तो स्थळ पाहायला आलेल्यांचा. पोह्यांची बशी पुढे केल्यावर नजर आधी डोळ्यांकडे, मग ओठाकडे आणि मग घाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे जाते. मला ओठ पाहणाऱ्यांचा कधी राग आला नाही, पण दिनदर्शिका पाहणाऱ्यांचा मात्र यायचा. एका घरातील आजीबाईंनी सरळ विचारले, ‘पोरी, हे पडून झालं की जन्मापासनं?’ मी ‘जन्मापासून’ असे सांगितले, त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढे गप्पा सुरू झाल्या. तो सर्वांत मोकळा कार्यक्रम होता. नंतर कळले की हा प्रश्न आजींना उगीच पडलेला नव्हता. पडून झालेला व्रण पुढच्या पिढीत जात नाही, जन्मापासूनचा जाऊ शकतो, असा त्यामागचा हिशेब होता. त्या पाहत होत्या माझ्या ओठाकडे, पण विचार त्यांच्या पतवंडांचा चालला होता.

दुसरी गोष्ट नथीची. दुभंग डाव्या बाजूला असण्याचे प्रमाण उजव्याच्या साधारण दुप्पट आहे, असे मला माझ्या सर्जननी सांगितले होते, आणि आपल्याकडे नथ डाव्याच नाकपुडीत घालतात! माझी ती नाकपुडी रुंद आणि खाली बसलेली. लग्नाच्या खरेदीत गुजरीत तीन दुकाने झाली. प्रत्येक नथ माझ्या नाकावर कलंडून थेट ओठाच्या रेघेवर टेकायची, म्हणजे जे लपवायचे त्यावर मोत्यांनी बोट ठेवल्यासारखे. चौथ्या दुकानातील वृद्ध कारागिराने मला उजेडाकडे तोंड करून बसवले, दोन्ही नाकपुड्या नीट पाहिल्या, एक शब्दही न बोलता दाबाच्या नथीची तार चिमट्याने जराशी वर वाकवली आणि मोत्यांचा झुबका गालाच्या बाजूला कलेल असा बसवला. मग आरसा पुढे करून म्हणाला, ‘आता बघा.’ माझ्या नाकाकडे इतक्या बारकाईने त्याआधी फक्त सर्जननी पाहिले होते. फरक इतकाच की सर्जनना नाकपुडी कुठे कमी पडते हे दिसले होते, आणि या गृहस्थांना तार किती वाकवावी लागेल हे दिसले.

आपल्या मुलाचे मत आपण विचारले का? आपल्या लिखाणात ते कुठेच आलेले नाही.

कुंभारगल्ली | रविवार, रात्री १०:००

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवले जातात आणि मी व्यक्तिशिल्पेही करतो. (गणपतीचे एक बरे असते, वरचा ओठ सोंडेखाली झाकला जातो. माणसांत आम्हाला ही सवलत नाही.)

मातीत चेहरा घडवणाऱ्याला वरचा ओठ म्हणजे मुख्यतः सावली. नाकाखालची पन्हळ, तिच्या दोन कडा आणि ओठाच्या मधोमध धनुष्यासारखे जे वळण असते त्याचे दोन उंचवटे, यांवर वरून उजेड पडला की सगळा ओठ ‘बोलू’ लागतो. शिवलेल्या ओठात रंगाची रेघ फारशी खटकत नाही. पन्हळ एका बाजूने सपाट झाल्यामुळे सावली तुटते, ते खटकते. मुलाला खिडकीजवळ बसवून पाहिले तर तो एक दिसेल, ट्यूबलाईटखाली दुसरा आणि फ्लॅशच्या फोटोत तिसरा. फ्लॅश समोरून येतो, सावल्या मारून टाकतो आणि रेघ उघडी पाडतो. मोबाईल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत तर नाक आहे त्याहून मोठे दिसते, हा भिंगाजवळच्या अंतराचा परिणाम. त्यात नाकाचा थोडा कलही ठळक होतो.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने नोंदवतो. आपण स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे उलटे पाहतो. सगळ्यांचेच चेहरे थोडे वाकडे असतात. त्यामुळे स्वतःचा फोटो पाहिला की ‘हा मी नव्हेच’ असे वाटते. ज्याच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंत ठळक फरक आहे त्याला हा धक्का अधिक बसतो. मुलाला आरशातील शिवण एका बाजूला दिसते आणि फोटोत दुसऱ्या. इतरांना मात्र तो कायम फोटोतल्यासारखाच दिसत आलेला आहे. म्हणजे त्याचा जो चेहरा तो ओळखतो, तो त्याच्याखेरीज कोणी पाहतच नाही.

त्या छायाचित्रकाराबद्दल माझे मत कडक आहे. गिऱ्हाईकाने सांगितल्याशिवाय तीळ, व्रण, खळी यांना हात लावू नये. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान या चित्रकारांच्या कोल्हापुरात तरी हा संकेत पाळला जावा, एवढीच अपेक्षा.

बोलकीबाई | सोमवार, सकाळी ११:४५

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेत एक गृहीत धरलेले दिसते की लोक चेहरा केवळ डोळ्यांनी पाहतात. माझा अनुभव निराळा आहे.

टाळू शिवल्यावरही ती काही मुलांत घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही आणि बोलताना हवा नाकातून निसटते. मग ‘बाबा’ म्हटलेले ‘मामा’ ऐकू येते आणि ‘पाटी’ची ‘माटी’ होते. ‘पापा’ म्हणताना नाकाखाली छोटा आरसा धरला आणि त्यावर वाफ आली, तर आम्हाला त्यातून दिशा मिळते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला शाळेतील नवीन बाईंनी पहिल्या दिवशी वाचायला उभे केले. तोवर बाईंना तिच्या चेहऱ्यात काही जाणवले नव्हते, पण नाकातील आवाज ऐकला आणि त्यानंतर त्यांना ओठही दिसू लागला. पुढे वर्षभर तिला वाचायला उठवले गेले नाही. बाईंच्या मते ते सांभाळून घेणे होते, मुलीच्या मते ती वर्गातून वगळली गेली होती. याउलट, स्वच्छ बोलणाऱ्या मुलाचा ठळक व्रणसुद्धा महिनाभरात वर्गाच्या लक्षातून जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

लहान मुलांची नजर सर्वांत थेट असते. ती ‘तुला काय लागलं?’ असे विचारतात, उत्तर मिळाले की खेळायला लागतात आणि उत्तर टाळले गेले की पुन्हा विचारतात. म्हणून शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी एका वाक्याचे उत्तर पाठ करून घेते. ते त्याच्या शब्दांत असले पाहिजे, आईच्या नव्हे.

एक किरकोळ पण नेहमीचा घोटाळाही सांगते. आपल्या भाषेत तोंडातल्या छताला टाळू म्हणतात आणि बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळूच. ‘टाळू दुभंगलेली आहे’ असे ऐकून एका आजींनी महिनाभर बाळाच्या डोक्यावर तेलाच्या घड्या ठेवल्या होत्या. पालकांना समजावताना म्हणून तोंड उघडून बोटाने दाखवावे लागते.

दंतपंक्ती | सोमवार, दुपारी २:१०

बोलकीबाईंशी पूर्ण सहमत. पापाचीतिकटी यांनी विचारलेल्या प्रश्नाला जोडून लिहितो. वैद्यक क्षेत्राला हा प्रश्न उशिराच सुचला. बरीच वर्षे निकालाला गुण देत होते ते डॉक्टरच. ‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली २०१८ च्या सुमारास तयार झाली. ती भारतासह १२ देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर तपासून घेतलेली आहे आणि ८ ते २९ या वयातील रुग्णांनी ती स्वतः भरायची असते. तिच्यात ओठ, नाक, नाकपुड्या, दात, व्रण यांबद्दल वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि बोलणे, शाळा, मित्र यांबद्दलही. ताई, आपला मुलगा आता त्या वयात आला आहे. छापील प्रश्नावली मिळो न मिळो, तेच प्रश्न घरी विचारता येतील. मात्र आजी, आत्या आणि आपण समोर बसलेल्या असताना नव्हे.

जुनाजाणता | सोमवार, सायंकाळी ६:३०

पापाचीतिकटी आणि डॉक्टरसाहेब, आपले दोघांचे लिखाण दोनदा वाचले. त्या गड्याला आम्ही सगळे एका टोपणनावाने हाक मारत असू. त्याचे खरे नाव आठवून पाहिले, ते मला आठवले नाही. ग्रहणाचा उल्लेख मी मागे घेतो.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री १०:२५

सर्वांचे मनापासून आभार. पापाचीतिकटी, आपला प्रश्न वाचून मी ओशाळले, कारण त्याला मी खरोखरच विचारले नव्हते.

काल रंकाळ्यावर फिरायला गेलो असताना, आम्ही दोघेच होतो तेव्हा, विचारले. शिवणीबद्दल त्याचे काहीच म्हणणे नव्हते. ‘ती असू दे’ एवढेच तो म्हणाला. नाकाबद्दल विचारले तर त्याने खांदे उडवले. मग बराच वेळ कणीस खाऊन झाल्यावर स्वतःहून म्हणाला की त्याला शिट्टी वाजवता येत नाही. वर्गातील सगळ्यांना येते. तो ओठांचा चंबू करून फुंकतो, पण हवा ‘वरून जाते’. आणि ताक पिताना कधी कधी नाकातून येते, म्हणून तो डब्याबरोबर ताक नेत नाही. त्याला ताक आवडत नाही असे आम्ही गेली दोन वर्षे समजत होतो.

आज सर्जनना फोन करून हे सांगितले. हिरडीच्या खाचेतून नाकात उघडणारे एक बारीक भोक राहिलेले असू शकते, हाड भरताना ते बंद करता येते, आणि शिट्टीचे नक्की सांगता येणार नाही पण ताकाचे बहुतेक जमेल, असे ते म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीतील तारीख ठरवली आहे. ओठावरच्या छोट्या शस्त्रक्रियेचा विषय आम्ही बाजूला ठेवला, तसे नणंदबाईंना फोनवर कळवले, आणि त्या अद्याप नाराज आहेत.

फोटो मात्र पुन्हा काढले. या वेळी छायाचित्रकाराला बजावले की कशालाही हात लावायचा नाही. आठ प्रती मिळाल्या, त्यांतील दोन अर्जाला लागल्या. गुळगुळीत ओठाचे जुने फोटो सासूबाईंनी फेकू दिले नाहीत, त्यांच्या पोथीत ठेवले आहेत. नव्यातील एक मुलाने कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, आणि फोटोत शिवण दुसऱ्या बाजूला का दिसते, हे कुंभारगल्ली यांनी लिहिलेले त्याला वाचून दाखवल्यापासून तो दिसेल त्याला आरशासमोर उभा करतो आहे.